पाण्यात उतरायची पाटलोण

३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर आलं होतं आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आता गठ्ठे गेले, मशीन पुसून ठेवलं आणि तुला लिहायला बसलो, ते काळजीचंच.

तुझ्या भाचीने नवं खूळ काढलंय. ती कामाला आहे त्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर मागच्या रविवारी एका तळ्यावर गेली होती, आणि आली ती वेगळीच होऊन. म्हणाली, बाबा, मला फ्लाय फिशिंग शिकायचंय. मी विचारलं, हे काय असतं? तर म्हणे, पिसं आणि दोरा गुंडाळून गळावर नकली माशी करतात, ती पाण्यावर अलगद टाकतात, मासा फसतो, आणि मग बऱ्याचदा त्याला सोडून देतात. उभा जन्म मी दुकानातल्या माशा हाकलण्यात घालवला, आणि माझी मुलगी माशा विकत घ्यायला निघाली!

हसून लिहितोय, पण भीती वाटते. डॉक्टरीणबाई स्वतः काठावरूनच करतात. आपल्या भिंगरीला मात्र वाहत्या नदीत उतरून, मधोमध उभं राहून करायचंय. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. पुलावरून जाताना मी अजून मधून चालतो. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती संध्याकाळी जराशी उशिरा आली तरी माझी कात्री खडूच्या रेघेवरून घसरते.

तेव्हा ताई, तू एक कर. तू न्यायाधीशाला गप्प करणारी वकील, तिला एक सणसणीत पत्र लिहून हे बंद कर. ते नाही जमलं तर निदान काय घ्यायचं ते तरी सांग, तूही उमेदीत नदीवर मासे धरायला जायचीस. त्या दुकानात आम्ही जाऊन आलो. भिंतभर काठ्या, डब्याडब्यांतून माशा, आणि विक्रेता असा बोलत होता की आपण लढाईवर निघालोय. मी काही न घेता तिला हाताला धरून बाहेर आणलं.

कळावे. माझ्यावर लोभ ठेव, भित्रेपणासकट.

तुझा धाकटा

*

१० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी भिंगरीला बंद करणार नाही. माणसाला सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली कोंडून घालायचं हा जगातला सगळ्यात जुना डाव आहे, हे मी कोर्टात सांगितलं, कारखान्याच्या फाटकाबाहेर खुर्चीवर उभी राहून सांगितलं. मालकांना जे सुनावलं ते सख्ख्या भावाला सुनावायला मी कचरेन असं तुला वाटलंच कसं? मुलगी चोवीस वर्षांची आहे. तिला काहीतरी हवंसं वाटलंय. तिची आई गेल्यापासून तिने याआधी काही मागितलं होतं का, आठवून बघ.

आता ऐक, आणि हे तिलाही वाचून दाखव. नऊ फुटांची, पाच नंबरची काठी घ्या. दोरीही पाच नंबरचीच, तरंगणारी. नंबर जुळला पाहिजे. बारीक सुईत जाड दोरा ओवायला गेलास तर काय होतं, तेच इथे होतं. साध्या गळाला शिसं लावून फेकतात, तसं हे नाही. इथे वजन दोरीचं असतं. हातातून जाते ती दोरी, माशी बापडी तिच्या मागून जाते. म्हणून काठी साधी घेतली तरी चालेल, दोरी चांगली घ्या. नवशिके नेमकं उलटं करतात, चकचकीत काठी आणि भिकार दोरी. रीळ कुठलंही चालेल, ते नुसतं गुंडाळून ठेवतं, तुझ्या दोऱ्याच्या रिळासारखं. दोरीच्या टोकाला पारदर्शक, निमुळता होत जाणारा दोरा लागतो, तो तयार मिळतो. माशा मूठभर पुरे. डबा भरून घेणाऱ्याला मासा कमी आणि निवड करण्याची डोकेदुखी जास्त मिळते. चष्मा आणि रुंद टोपी मात्र हवीच. मागून उलटा येणारा गळ डोळा बघत नाही. पहिले काही आठवडे गवतावर सराव, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून.

पाण्यात उतरायला छातीपर्यंत येणारी एक पाटलोण असते, खांद्यावरून पट्टे आणि खाली मोजे जोडलेले. तिला वेडर म्हणतात. ती नवी घेऊ नका. माझी पडून आहे, माझ्या गुडघ्याने नदीशी कायमचं भांडण केलंय. बूट, कमरेचा पट्टा, सगळं पार्सलने पाठवते. बुटांच्या तळाला नमदा, म्हणजे दाबलेली लोकर आहे, शेवाळावर पाय धरून ठेवते. भिंगरी माझ्याहून बारीक, तिला ढगळ होईल. होऊ दे.

भीती वाटते म्हणालास. वाटू दे. पहिलं पाऊल पाण्यात टाकताना मलाही दर वेळी वाटायची. पण भीतीचं म्हणणं ऐकून घ्यावं, निकाल तिला देऊ देऊ नये.

कळावे. रागावले तरी जीव तुझ्यातच आहे, हे वेगळं लिहायला नको.

ताई

*

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तस्सं घेतलं. नऊ फुटी, पाच नंबर, दोरी पाच नंबर. विक्रेत्याने महागडं रीळ पुढे केलं तर भिंगरीने तुझं पत्रच त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि विचारलं, या बाई इकडे येणार आहेत का? नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं.

सराव दुकानामागच्या मोकळ्या जागेत चालतो. पहिल्याच दिवशी लोकरीचा तुकडा शेजारच्या न्हाव्याच्या कानाला लागला. दुसऱ्या दिवशी दोरी माझ्या दारातल्या लाकडी पुतळ्याच्या गळ्याभोवती. पण आता जमतंय. दोरी मागे जाते, हवेत जराशी थांबते, आणि पुढे उलगडते. कापडाचा तागा झटकून टेबलावर पसरावा तशी. मी टाका अर्धा सोडून बघत राहतो, खोटं कशाला बोलू.

तुझं पार्सल मिळालं. बूट तिला नेमके आले. पण ती पाटलोण! ताई, शिंप्याच्या मुलीने असलं ढगळ अंगात घालून बाहेर पडावं? चार जणी मावतील. आणि मला वाटलं, एवढं मोकळं कापड पाण्यात फुगेल, प्रवाह तिला त्याच्यासकट ओढून नेईल. त्या विचाराने झोप येईना. मग मी कामाला लागलो. दोन्ही कुशींतून चार-चार बोटं आत घेतलं, मांड्यांतून दोन-दोन. जादा कापड कापून टाकलं, दुहेरी टीप मारली. आतून शिवणींवर कुणा आळशी कारागिराने रबरी पट्टी चिकटवून ठेवली होती, शिवण झाकायला असणार. ती सगळी सोलून काढली आणि आतूनही बाहेरच्यासारखं स्वच्छ केलं. असं काम मी मोठ्या गिऱ्हाइकाच्या कोटालासुद्धा केलेलं नाही. तिने घातली तेव्हा अंगाबरोबर अशी बसली की कमरेच्या पट्ट्याचं कामच उरलं नाही. तो दुकानात खुंटीला लावून ठेवलाय.

रविवारी ती डॉक्टरीणबाईंबरोबर वरच्या खोऱ्यात जाते आहे, नदीकाठच्या प्रवासी निवासात, आठवडाभर. तुला म्हणून सांगतो, महिन्याभरात पहिल्यांदा मला शांत झोप लागली. पाण्यात तिच्याबरोबर मी नसेन, पण माझी शिवण तिच्या अंगावर असेल.

कळावे. लोभात चार बोटं कमी करू नकोस.

तुझा धाकटा

*

७ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. तुझं पत्र आत्ता आलं, उभ्यानेच वाचलं आणि चपला घालून तारघरात गेले. तार तुला मिळाली असेल. निवासाच्या पत्त्यावरही केली, पण तारबाबू म्हणाला की तिकडे पोचायला वेळ लागतो, खोऱ्यात माणूस चालत जातो. तारेत मोजून शब्द टाकले. बाकीचं इथे लिहिते. गप्प बसले तर माझं डोकं फुटेल.

ती रबरी पट्टी आळशी कारागिराची नव्हती रे! पाणी अडवते ती तीच. त्या कापडात सुई घालायची नसते. तुझ्या दुहेरी टिपेतला प्रत्येक टाका म्हणजे एक भोक आहे, आणि तू ती बगलेपासून मांडीपर्यंत ओळीने पाडली आहेस. तू तिला चाळणी घालून नदीत पाठवलंस.

आणि पट्टा शोभेचा नसतो. माणूस पडला तर वरून पाणी आत शिरू नये म्हणून तो कमरेला करकचून आवळायचा असतो. आत पाणी भरलं तरी नदीत उभं असेपर्यंत कळत नाही. बाहेर यायला पाय उचलावा तेव्हा एकेका पायात पोतं भरलेलं असतं. चांगले पोहणारे तिथे हरलेत. तिला तर धड पोहताही येत नाही.

मी हे सगळं लिहायला हवं होतं. मला वाटलं, हे काय सांगायचं, कुणालाही माहीत असतं. वकील असून मी साक्षीदाराला गृहीत धरलं. भांडण आपण नंतर करू, जन्मभर करू. हे पत्र हातात पडेपर्यंत तू घरी असलास तर मी तुला भाऊ म्हणणार नाही.

ताई

*

९ एप्रिल, प्रवासी निवास

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरी सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

तार आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होतो. तार वाचली आणि तसाच बाहेर पडलो. गिऱ्हाईक हात पसरून उभंच राहिलं असेल. रात्र बसथांब्यावर काढून सकाळची पहिली बस धरली. वाटेत शेजारचा माणूस म्हणाला की तुमचे दात वाजतायत, खिडकी लावू का. खिडकी बंदच होती.

निवासात तिची खोली रिकामी. पहारेकरी म्हणाला, नदीकडे बघा. मी पायवाटेने खाली पळालो. पाण्याचा आवाज आधी आला, मग वळण लागलं, आणि वळणावर एका झाडाला ती पाटलोण उलटी टांगलेली होती. माझी शिवण. पाय वर, छाती खाली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. आसपास कुणी नाही. ना काठी, ना टोपी, ना माझी पोर.

मी हाका मारल्या आणि त्या पाण्याने गिळून टाकल्या. मग मी नदीत शिरलो. बूट, चष्मा, गळ्यात मापाची टेप, तसाच. गुडघ्यापर्यंत गेलो आणि पुढे पाऊल उचलेना. ना मागे जाता येई, ना पुढे. तेवढ्यात मागून कुणी तरी विचारलं, बाबा, दुकान सोडून इथे काय करताय? ती काठावर उभी होती, खांद्यावर टॉवेल, हातात चहाचा कप.

तिला पाटलोण गळते हे पाण्यात पाय टाकताच कळलं होतं म्हणे, म्हणून लगेच बाहेर आली आणि वाळत घातली. काठी कुठे म्हटलं, तर म्हणाली, दगडात अडकून मोडली. मी फार विचारलं नाही. निवासातून कात्री मागून आणली आणि त्या पाटलोणीचे तुकडे केले. मग सांगितलं, आता पुरे. पुन्हा नदीचं नाव काढायचं नाही. ती खोलीत जाऊन पिशवी भरायला लागली. उद्या तिला घेऊन घरी जातो.

या वेळी तू मधे पडू नकोस. एवढा लोभ कर.

तुझा धाकटा

*

११ एप्रिल

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न.

बाबांनी तुला लिहिलं असेल. मी त्यांना सांगितलं ते खरं नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, म्हणून तुला सांगते.

तार निवासात आली ती बाबांच्याही नंतर. बाबा आले त्याच दिवशी सकाळी मी पाण्यात होते. डॉक्टरीणबाई वरच्या अंगाला, वळणापलीकडे. सुरुवातीला कमरेजवळ गार वाटलं, वाटलं नदीच गार आहे. समोर एक मासा वर येऊन पाण्याला तोंड लावून जात होता आणि मला त्याच्यापर्यंत माशी पोचवायची होती. एकेक पाऊल करत कमरेच्या वर गेले. दोरी छान उलगडत होती आत्या, खरंच. मग काठाकडे यायला पाय उचलला तर तो उचलेना. कुणीतरी घोटा धरून ठेवावा तसा. जोर लावला आणि पडले. वरूनही पाणी आत आलं. मी ओरडले, पण मलाच ऐकू आलं नाही.

नदीने मला लोटत नेलं. मी काठी घट्ट धरली होती. वेडेपणा बघ, पाणी नाकात जात होतं आणि मी विचार करत होते की आत्याने सांगितलेली काठी आहे, ती मोडायला नको. एक आडवं पडलेलं झाड दिसलं. ते धरायला दोन्ही हात हवे होते. मी काठी सोडली. ती माझ्यापुढे वाहत गेली. झाडाला धरून पोटावर सरपटत बाहेर आले आणि दगडांवर पाय वर करून पडले, तेव्हा पाटलोणीतून घागरी उपडी कराव्या तसं पाणी गेलं. उठल्यावर शिवणीकडे पाहिलं. काय सुंदर शिवण होती ती. मला रडू आलं ते तेव्हा.

बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटेल त्यांनीच मला बुडवलं. ते पुन्हा मशीनवर बसणार नाहीत. आणि मला पुन्हा कधी जाऊ देणार नाहीत. मला भीती वाटते आत्या, डोळे मिटले की पायात ते ओझं येतं. पण मला परत जायचंय. हे दोन्ही खरं आहे. असं होतं का?

कळावे. माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.

भिंगरी

*

१६ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि डोक्यावरून हात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. होतं असं. दोन्ही खरं असतं. ज्याला नुसती हौस आहे आणि भीती नाही, त्याच्याबरोबर मी नदीत कधी उतरले नाही.

पण मी गप्प राहणार नाही, आणि तूही राहायचं नाहीस. तुला वाटतं तू बाबांना वाचवते आहेस. तू त्यांना कोंडते आहेस, त्यांनी तुला कोंडलं तसंच. खोटं ऐकून त्यांनी नाही म्हटलंय, त्या नाहीला काय किंमत? त्यांना सगळं सांग. कमरेजवळ गार वाटलं तिथपासून, काठी सोडली तिथपर्यंत. त्यांचे हात मला लहानपणापासून माहीत आहेत, ते मोडणार नाहीत. मोडले तर दोष माझ्यावर घाल, माझी पाठ रुंद आहे.

आणि सांगून झालं की विचार. परवानगी मागू नकोस. माझ्याबरोबर येता का, असं विचार.

माझा जीव तुम्हा दोघांत विभागलेला आहे, तो एका घरात नीट राहू दे.

आत्या

*

१० मे, नदीकाठ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीने सांगितलं. जेवताना सांगितलं, मान वर न करता. मी पानावरून उठलो आणि दुकानात जाऊन बसलो. पुढचे काही दिवस मशीनला हात लावला नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, मशीनचा पट्टा तुटलाय. मग एका संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली आणि विचारलं, माझ्याबरोबर येता का? हे वाक्य तिचं नव्हे, ते मला लगेच ओळखू आलं.

आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. काठी आणि दोरी होती तशीच, पाच नंबर. मग पाटलोणींची रांग. विक्रेत्याने तिला एकेक घालायला लावली, आत जाड मोजे, खुर्चीवर पाय ठेवून बघा, उकिडव्या बसा, गुडघा अडतो का सांगा. एक तिला चालण्यासारखी होती. कमरेत ढगळ, बगलेत सैल, मागे झोळ. माझी बोटं शिवशिवायला लागली. मी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हटलं, बांधून द्या. ताई, आपल्या घरात आजवर तयार कपडा आलेला नाही. तो मी आणला.

आता मी काठावरच्या दगडावर बसून हे लिहितोय. कमरेचा पट्टा मी स्वतः आवळला, ती ओरडेपर्यंत. डॉक्टरीणबाई तिच्या खालच्या अंगाला दोर घेऊन उभ्या आहेत. भिंगरी दुसऱ्या हातातल्या आधाराच्या काठीने आधी पुढचा दगड चाचपते, मग पाय टाकते. पाणी गुडघ्यांवर आलंय. तिला हाक मारावीशी वाटते. पण डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलंय की हाक मारायची नाही. पाण्यात उभं असलेलं माणूस हाकेला मागे वळतं, आणि वळताना पडतं.

म्हणून लिहितोय. लिहिण्यासारखं संपलं तरी लिहितो. हात रिकामे राहिले तर तोंड उघडेल. दुकानात काम बरं आहे. न्हाव्याने तुला नमस्कार सांगितलाय, कान बरा आहे. ती आणखी एक पाऊल आत गेली. पाणी मांड्यांवर. मधलं अक्षर वाकडं आलंय ना, तेव्हा तिचा तोल गेल्यासारखं झालं. सावरली. आता दोरी मागे गेली. थांबली. पुढे गेली. मी श्वास कुठे घेतला ते मला माहीत नाही.

कळावे, असं लिहून ठेवतो. लोभ आहेच. पण सही ती बाहेर आल्यावर करीन.

तुझा धाकटा